विटेचं सोंग

तुम्हीच सांगा, विश्वास कुणावर ठेवावा? भिंतीच्या रूपावर, की तिच्या आवाजावर? आम्ही दुकानदार माणसं, मडकंसुद्धा वाजवून घेतो. पण इंग्लंडातल्या एका घरानं मलाही इतकी वर्षं बेमालूम फसवलं.

केंटमधल्या आमच्या गावात हे जुनं, लाल विटांचं घर आहे. हल्ली तिथं बौद्ध विहार चालतो. तिथले भंते सोभित मूळचे वर्ध्याकडचे. दर रविवारी मी दुकानातून तांदूळ पोचवायला जातो.

त्या रविवारी अंगणातच श्रामणेर उपसेन दिसला. शिकाऊ भिक्षू, नुकताच आलेला. चीवर घेण्याआधी नागपुरात बांधकामावर सुपरवायझर होता. एका हातात हातोडी, दुसऱ्या हातात... वीट? छे! बोटभर जाडीचं कौल. भंते पायरीवर बसले होते.

"भंते, हे घर खोटं आहे!"

"काय झालं बाप्पा?"

"पाटी लावायला खिळा ठोकला, तर वीटच निघून हातात आली. मागं लाकूड अन् कुडाची भिंत! विटेसारखी दिसणारी कौलं नुसती टांगलीत."

"टांगली असतील. मूळ घर लाकडाचं. पुढं विटांची चाल आली. मालकाला हौस विटांची, ऐपत कौलांची. तेव्हा खिडक्यांवर कर होता, तो वाचवायला त्याच्या नातवानं वरची खिडकी बुजवली. पणतवानं खाली ही फुगीर खिडकी काढली."

"म्हणजे सगळं खानदानच थापाडं!"

मला हसू फुटलं. भंतेंनाही.

उपसेन मात्र हसला नाही.

"मीही तसाच आहे, भंते. वरून चीवर, आत तोच शिवराळ सुपरवायझर. उद्या चीवर परत करतो. सोंग नको."



मला राहवेना. "अहो भंते, अडवा की त्याला!"

भंते उठले. आठवडाभर झड लागली होती. भिंत अजून निथळत होती. त्यांनी उपसेनचा हात धरला आणि शेजारच्या कौलामागं सरकवला.

"लाकूड चाचप. कुजलंय?"

उपसेननं आत बोटं फिरवली.

"बोल की."

"नाही. कोरडं आहे. ठणठणीत."

"केवढं जुनं?"

"चारेकशे वर्षांचं तरी असेल."

"मग इतका पाऊस गेला कुठं?"

उपसेन हातातल्या कौलाकडं बघत राहिला.

"...यांनी अंगावर घेतला."

भंतेंनी मान हलवली. मग एकदम विचारलं, "सकाळी तो शेजारी गाडी लावण्यावरून तुझ्यावर ओरडला. राग आला?"

"आला. रोज झोपताना मांडून बघतो, आज किती वेळा आला."

"शिवी दिलीस?"

"नाही."

"नागपुरात असतास तर?"

"...दिली असती. वर कानफटातही."

"शिवी गिळलीस, ते मांडतोस?"



भंतेंनी त्याच्या हातातलं कौल घेतलं, हळूच जागेवर बसवलं आणि तळहातानं दाबून धरलं.

"नुसता खर्च लिहून हिशेब होतो का रे? जमाही लिही. पण हिशेब खरा ठेव, बाप्पा."