तिसरा हात

मला ही गोष्ट सांगायची नव्हती. घसा बसलाय, दात तीन उरलेत, आणि तुम्हाला मधेच 'मग? मग?' करायची खोड. पण मानगुटीवरच बसलात, तर सांगतो. एकदाच सांगेन. मी काही शिकलेला माणूस नव्हे, तेव्हा शब्द धरून बसू नका. ज्याला जांभई येईल त्यानं उठून चालू लागावं.

एका राज्यात शार्दूलसेन नावाचा राजा होता. त्या राज्यात पक्षी बोलत, जादूगार वेळेवर कर भरत आणि एक नदी उन्हाळ्यात डोंगर चढून जाई. त्याचं कुणाला नवल नव्हतं. नवल होतं ते राजकन्या मंजुघोषेच्या गळ्याचं. ती गायला लागली की विझलेल्या समया आपोआप पेटत आणि आडातलं पाणी कठड्यापर्यंत चढून ऐकत बसे.

तिच्या महालाचा गिलावा जुना झाला होता. ती सूर लावी आणि वरून पोपडा तानपुऱ्यावर पडे. राजानं डागडुजी काढली आणि खेमा गवंड्याला बोलावणं धाडलं.

खेमा गवंडी कोण, ते नीट ऐका. त्यानं घोटलेल्या भिंतीवर माशी बसली की घसरे. मुंगी चढताना आपलं तोंड बघून वाट चुके. राज्यात गवंडी पुष्कळ होते, पण त्यांच्या भिंतींना टेकू लागत. खेमाच्या भिंतीला डोंगर टेकून बसत. ह्यात एक अक्षर वाढवून सांगितलेलं नाही.

करार भर दरबारात झाला.

राजा म्हणाला, "गवंडी, बोल."

खेमा म्हणाला, "महाराज, भिंतीला तीन हात. हाताला शंभर मोहरा."

"मान्य."

आता हात म्हणजे चुन्याचा एक लेप, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पहिला हात जाड, दुसरा बारीक, तिसरा सायीसारखा. तो तिसरा गारगोटीनं घोटायचा, मग भिंत चमकते. खेमानं चुना दगडी चाकाच्या घाणीत मळला, त्यात गूळ घातला, बेलफळाचं पाणी घातलं. पहिला हात दिला, तो सुकला. दुसरा हात दिला. मग थापी धुऊन तो दरबारात खजिनदाराकडे गेला.

खजिनदार होता तिमाजीपंत. अंगानं बारीक, पगडीनं मोठा.

"दोन हात झाले, पंत. दोनशे मोहरा द्या."

"काम पुरं कुठं झालंय?"

"दुसरा हात आठ दिवस सुकला पाहिजे. ओल्यावर तिसरा मारला तर पापुद्रे सुटतील."

"म्हणजे आठ दिवस तू हातावर हात ठेवून बसणार आणि आम्ही मोहरा मोजायच्या?"

"केल्या कामाच्या मागतोय, बसल्याच्या नाही."

"आधी तिसरा हात, मग मोल."

"आधी दोहोंचं मोल, मग तिसरा हात."

तिमाजीपंत उठले, महालात गेले, मागून सगळा दरबार गेला. पंतांनी ओल्या भिंतीवर करंगळीचं नख दाबलं. खूण उमटली.

"बघा! नख रुततंय. कच्चं काम करून पक्के पैसे मागतो. हा गवंडी नव्हे, ठक आहे."

ओल्या चुन्यात नख रुततं. ओल्या भाकरीतही रुततं. पण ऐकणारे शंभर, आणि चुना कळणारा एकटा खेमा. खेमानं राजाकडे बघितलं, राजानं छताकडे. मग खेमानं आपला पंजा भिंतीवर टेकला आणि म्हणाला, "तिसरा हात पडेपर्यंत ही भिंत तहानलेली राहील. जे समोर येईल ते पिईल."

एवढं बोलून तो थापी-ओळंबा घेऊन चालता झाला. मागं वळून बघितलं नाही.

भिंत प्यायला लागली. पहिल्या दिवशी तिनं माठातलं पाणी प्यायलं. दुसऱ्या दिवशी अत्तरदाणी कोरडी झाली. चौथ्या दिवशी राजकन्येच्या शालूचा हिरवा रंग उतरून भिंतीत गेला. आठव्या दिवशी राजकन्या पहाटेचा राग आळवायला बसली. अर्धी ओळ गायली, आणि उरलेली अर्धी भिंतीनं पिऊन टाकली. गळ्यासकट. तोंड हलत होतं, आवाज नव्हता. राजानं कान भिंतीजवळ नेला, तर आत लांब कुठंतरी पोरगी गात होती.

राणी म्हणाली, "गवंड्याला आणा."

तिमाजीपंत म्हणाले, "गवंड्याचं काय काम? तिसरा हात तेवढा राहिलाय." आणि त्यांनी शिपायांना हुकूम लिहून दिला. पंत अक्षर मोत्यासारखं काढत आणि अक्कल जपून वापरत. हुकूम असा होता: जिथं असेल तिथून तिसरा हात घेऊन या.

शिपाई गेले. ते काही गवंडी नव्हते, शब्दाचे पक्के होते. सात मुलूख पालथे घातले, आणि शापाच्या एकविसाव्या दिवशी त्रिहस्त नावाच्या जादूगाराला घेऊन आले. त्याला खरोखरच तीन हात होते. तिसरा छातीतून निघालेला.

राजा म्हणाला, "हे काय?"

"तिसरा हात, महाराज. पंतांचा हुकूम. सुटा मिळाला नाही, म्हणून मालकासकट आणला."

त्रिहस्त भला माणूस. म्हणाला, "एवढ्या लांबून आणलंत, तर लावून बघतो." त्यानं तिसरा हात भिंतीला लावला. भिंतीनं तो मनगटापर्यंत पिऊन घेतला.

"महाराज, ही माझा हात पिते आहे."

"ओढ ना मग!"

"ओढतोच आहे. दोन्हींनी."

तो तिथंच अडकला. राणीनं त्याला बसायला चौरंग दिला, दोन वेळचं जेवण लावून दिलं. पण राजकन्या दिवसेंदिवस फिकी होत चालली होती. त्याच दिवशी राजा स्वतः उठला. मुकुट काढला, पायांत वहाणा घातल्या, आणि एकटा निघाला.

दोन दिवस चालला. एका विहिरीवर बाभूळ वाकली होती आणि तिला सुगरणीचे खोपे लोंबत होते. एका अर्ध्या खोप्यावर पक्षी बसला होता.

"पक्ष्या, खेमा गवंडी कुठं भेटेल?"

"चुनखडीच्या डोंगरापलीकडे. पण राजा, एक सांग. आमच्यात नर अर्धा खोपा विणतो आणि थांबतो. मादी येते, त्यावर बसून वीण बघते. पसंत पडली तर नर पुढं विणतो. तू अर्धं काम बघितलंस?"

"पंतांनी बघितलं."

"पंत राहणार होते त्यात?"

राजानं वाकून वहाणेतला काटा उपटला. पक्षी म्हणाला, "पाय उचल. चुना चाळीस दिवसांत दगड होतो. मग आत गेलेलं कुणाच्या बापाला बाहेर काढता येत नाही. आज तेविसावा दिवस."

राजा डोंगर चढला, उतरला. पलीकडे खेमा एका वारुळाला कोनाडा बांधून देत होता. नागानं सांगितलेलं काम होतं. नागानं मोल आधी दिलं होतं, हेही सांगून ठेवतो.

"खेमा, चल. पोरीचा गळा भिंतीत आहे."

खेमानं थापी खाली ठेवली नाही. "येईन. तीन कामं कर."

"मी राजा आहे."

"म्हणून तर तीनच. दुसरा असता तर सात सांगितली असती."

पहिलं काम वाळूचं. जी नदी डोंगर चढते, तिच्या तळची वाळू सात पाण्यांत धुऊन आणायची. राजा पहिल्यांदा पाच पाण्यांत धुऊन घेऊन आला. खेमानं चिमूट दातांखाली धरली, थुंकला. "माती." राजा परत गेला. दुसऱ्या खेपेला वाळू अशी आली की मुठीत धरली तर हसल्यासारखी वाजे.

दुसरं काम घाणीचं. चुना मळायची ती घाणी हुकमानं फिरत नसे. राजानं हुकूम केला, दगडी चाक ढिम्म. राजानं खांदा लावला तेव्हा चाक कुरकुरलं. चार दिवस राजा गोल फिरला. टाचा फुटल्या, हातांची सालं निघाली. चुना बोटांना चावतो, हे त्याला जन्मात पहिल्यांदा कळलं. चौथ्या दिवशी चुना लोण्यासारखा झाला. राजानं तो बोटावर घेऊन बघितला आणि कुणी काही विचारलं नसताना आपणच हसला. पहिलं चांगलं काम हातून झालं की माणूस तसाच हसतो.

तिसरं काम ओळंब्याचं. दोरीला बांधलेला शिशाचा गोळा, भिंत सरळ आहे का ते दाखवतो. खेमाचा ओळंबा माणूसही दाखवी. धरणारा खरं बोलला तरच तो स्थिर राही.

"धर. आणि माझ्या दोन हातांबद्दल बोल."

राजानं दोरी धरली. "काम बरं होतं." गोळा हलला.

"काम चांगलं होतं." गोळा गरगरला.

राजानं मान खाली घातली. "मी काम बघितलंच नाही. पंतांनी तुला ठक म्हटलं तेव्हा मला ते खोटं वाटलं होतं, आणि तरी मी छताकडे बघत बसलो." गोळा थांबला. सरळ, खिळा ठोकल्यासारखा.

खेमा म्हणाला, "झालं. चल."

राजा म्हणाला, "थांब. आता तू धर."

मधे कुणी हसू नका. खेमानं दोरी धरली. "माझी काही चूक नाही." गोळा असा उडाला की वारुळाचा नाग आत पळाला.

"बरं, पाव चूक."

गोळा हलतच होता.

"अरे, भांडण पंतांशी, आणि शाप दिला पोरीच्या भिंतीला. मोल अडवलं ते वाईट, पण तोंडातून गेलं ते त्याहून वाईट. घे, अर्धी चूक माझी!"

गोळा थांबला. पुढं मागं एक केसभरही नाही. तो ओळंबा खेमाच्याच बापानं केलेला होता, त्यामुळे त्याला शिव्याही देता येईनात.

दोघं निघाले. चाळिसाव्या दिवशी उन्हं चढताना महालात पोचले. भिंत अर्धीअधिक दगड झाली होती. त्रिहस्ताचा हात कोपरापर्यंत आत गेला होता. आत गाणं ऐकू येत होतं, पण मुंगीच्या पावलाएवढं.

राजा आधी भिंतीपाशी गेला. चुना मळून सोललेला तळवा फिरवला, तो भिंतीनं ओळखला आणि प्यायला नाही, वरपासून खालपर्यंत, कोपऱ्याकोपऱ्यात. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "दोन हात बघितले. दोन्ही चोख. पंत, दोनशे मोहरा आणा."

"महाराज, काम पुरं—"

"जेवढं पुरं झालंय तेवढ्याचं मोल. उरलेल्याचं पुरं झाल्यावर."

मोहरा आल्या. खेमानं त्या मोजल्या नाहीत, कमरेला बांधल्या आणि थापी उचलली.

आता बघा. तिसरा हात देणं म्हणजे भिंतीला थोपटणं. जोर लावला तर फाटतो, घाबरलं तर गोळे होतात. खेमानं खालून वर एकच ओढ घेतली. मग दुसरी. राजा चुना पुरवत होता, आपण मळलेला. शेवटच्या कोपऱ्यात खेमानं गारगोटी घेतली आणि घोटायला लागला. भिंत आधी दुधासारखी झाली, मग मोत्यासारखी, मग तिच्यात सगळा दरबार उभा दिसला.

भिंतीची तहान भागली. तिनं पहिल्यांदा त्रिहस्ताचा हात सोडला, पांढराफेक, पण शाबूत. मग शालूचा रंग परत गेला, अत्तर परत गेलं. आणि मग ती अर्धी ओळ बाहेर आली, जिथं तुटली होती तिथूनच. राजकन्येनं ती हवेतल्या हवेत झेलली आणि पुढं गाऊन पुरी केली. महालातल्या समया पेटल्या. आडातलं पाणी चढून आलं.

गाणं संपल्यावर ती भिंतीपाशी गेली, बोटं टेकवली आणि म्हणाली, "गवंडीदादा, हिच्यात आवाज घुमतो, पण फुटत नाही. अशी भिंत आमच्या सात पिढ्यांत कुणी दिली नव्हती."

ह्याहून मोठा शिरपेच कुठल्या राजाकडे असतो ते मला सांगा. तिसऱ्या शंभर मोहरा त्याच पावली मिळाल्या. त्या दिवसापासून राज्यात कायदा झाला: मालकानं प्रत्येक हात स्वतः बघायचा, पसंत करायचा, त्याचं मोल द्यायचं, आणि गवंड्यानं पुढचा हात दिल्याशिवाय गाव सोडायचं नाही. त्या राज्यात अर्धं घर आजही दिसत नाही. सुगरणीचे खोपे सोडून. ते पक्षी कायदा मानत नाहीत.

राजानं भर दरबारात माझी माफी मागितली. हो, माझी. इतका वेळ कुणाची गोष्ट चालली होती असं वाटलं तुम्हाला? राणीनं मागितली. शिपायांनी मागितली, त्यांची चूक नसताना. मीसुद्धा राजकन्येची मागितली, आणि ती मोठ्या मनाची, तिनं ती घेतली. त्रिहस्तानं तर तिन्ही हात जोडले, आणि त्याचा माझ्याशी तंटाही नव्हता. शंभर माणसांसमोर ज्यानं मला ठक म्हटलं, तो एकटा पगडी सावरत मागच्या दारानं निघून गेला. अजून आलेला नाही. खजिनदार तिमाजीपंत.