शेजारच्या घोड्याचं दुखणं

राजे गंभीररावांच्या पागेतल्या तेरा घोड्यांपैकी नऊ एकाच दिवशी आडवे झाले आणि दहावा मेला. राजवैद्य म्हणाले, शनी. राजे म्हणाले, सटवा.

सटवा म्हणजे पागेतला मोतद्दार. तीस वर्षं तो घोड्यांना खरारा करत आला होता. मेलेल्या घोड्यालाही सकाळी खरारा करत बसला, म्हणून त्याला दरबारात यायला उशीर झाला. राजांना तोही गुन्हाच वाटला.

पागेची रीत अशी होती. सकाळच्या दौडीत जो घोडा पहिला येई, त्याला लाल कण्हेरीचा मानाचा हार मिळे. मग सगळे घोडे ओळीनं, अंगाला अंग लागेल असे बांधले जात. गेला महिनाभर रोज एखादा घोडा आजारी पडत होता. तोंडाला फेस, पाय लटपटत, चारा बंद. पण गळ्यात हार असलेल्या घोड्याला कधीच काही होत नसे. हे वैद्यबुवांनी हेरलं. राजांनी लगेच हुकूम केला, हार सगळ्यांनाच घाला. त्याच दिवशी हा प्रकार झाला.

"हार चांगलाच आहे," राजे म्हणाले. "घालणारा हात वाईट. सटवा, आठ दिवसांत मुलूख सोड."

सटवाची मुलगी हौसा गवताचा भारा खाली ठेवून पुढं आली.

"सरकार, हात वाईट हे कशावरून?"

"तुला दुसरं काही दिसतं का?"

"अजून नाही. बघावं लागेल."

"मग बघ. आठ दिवसांत तो रोग मला डोळ्यांनी दाखव. धूप-अंगारे नकोत, गंडेदोरे नकोत. दाखवलास तर बाप राहील."

रोग डोळ्यांनी कुणी पाहिला आहे? दरबार हसला. हौसानं भारा उचलला आणि ती कामाला लागली.

पाण्यात खोट असेल? त्याच हौदावर राजांचे बैल पीत होते आणि ठणठणीत होते. दाणा-चंदीत असेल? तीच चंदी पलीकडच्या घोड्या खात होत्या. उरला हार. कण्हेर विषारी हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण घोड्याचं तोंड स्वतःच्या गळ्याला पोचत नाही, आणि हारवाला घोडा तर धडधाकट. मग दुखणं तोंडावाटे आत जातं की दुसरीकडून? आधी एवढंच पाहायचं, असं तिनं ठरवलं.

सातव्या दिवशी घोडे सावरले. राजांनी पुन्हा दौड काढली आणि या खेपेला बाराही हार स्वतःच्या हातानं घातले. प्रत्येक हारात एकवीस फुलं होती. हौसानं ती मोजली होती.

"सहा घोड्यांच्या तोंडाला बैलाचं मुसकं बांधू द्या," ती म्हणाली. "बाकी चारा, पाणी, जागा, हार, सगळं सारखंच."

"बांध. घोडे तुझ्या ओळखीचे आहेत, तूच निवड."

"ओळखीचे आहेत म्हणूनच मी निवडणार नाही."

तिनं मडक्यात सहा पांढरे आणि सहा काळे खडे टाकले. वैद्यबुवांनी डोळे मिटून एकेका घोड्याच्या नावानं खडा काढला. पांढरा आला की मुसकं.

सटवा हळूच म्हणाला, "हौसे, सगळ्यांनाच बांध ना. कशाला जिवाशी खेळ?"

"बा, सगळ्यांना बांधलं तर सगळे बरे राहतील आणि का बरे राहिले ते कुणालाच कळणार नाही. घटकाभरात हार काढते."

सटवा मोकळ्या तोंडाच्या सहा घोड्यांकडे बघेना.

घटकेनं हार निघाले, मुसकीही निघाली. दुपारपर्यंत त्या सहांपैकी पाचांचे पाय लटपटू लागले. मुसकंवाले सहाही मजेत चारा खात होते.

"मुसक्यात गुण आहे," राजे म्हणाले. "शंभर मुसकी विणायला टाका. एक मलाही."

राणीसाहेबांनी आतून निरोप पाठवला, सरकारांचं आधी करा.

"मुसक्यात गुण असेल, तर मुसक्याशिवाय हार घातल्यावर घोडा पडायला हवा," हौसा म्हणाली. "उद्या या धडधाकट सहांना मुसकी बांधत नाही. हार सरकारांनीच घालावेत. फक्त घोडे दोन-दोन हात लांब बांधते."

"आणि नाही पडले तर?"

"मुसक्यांचा खर्च वाचेल."

आठव्या दिवशी हार होते, मुसकी नव्हती, आणि सहाच्या सहा घोडे संध्याकाळपर्यंत खिंकाळत होते. राजे मिशीला हात लावून बसले.

"हारानं होत नाही. मुसक्यानं टळतं, पण मुसकं नसलं तरी टळतं. मग रोग आहे कुठं?"

हौसानं दोन हार त्यांच्यापुढं ठेवले. "हा आजचा. मोजा."

राजांनी मोजली. एकवीस.

"हा कालचा. याच्या शेजारी मोकळ्या तोंडाचा घोडा होता."

राजांनी मोजली. पुन्हा मोजली. तेरा. उरलेल्या देठांवर दातांच्या खुणा होत्या.

राजे हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे माझे घोडे माझ्याच हारानं पडले. दोष माझ्या हाताचा."

वैद्यबुवा छताकडे पाहू लागले. सटवानं डोळे मिटले.

"नाही सरकार," हौसा म्हणाली. "तुम्ही ज्याला मान दिला, त्याला तो कधीच बाधला नाही. शेजारच्याला दुसऱ्याचा मान पाहवला नाही. तबेल्यात असं चालतं."

"तबेल्यातच?" राजांनी विचारलं.

त्यांनी मानकऱ्यांच्या रांगेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली, आणि हसायला लागले. इतके हसले की पागोटं सावरायला दोघांना धावावं लागलं.

सटवा पागेचा दरोगा झाला. कण्हेरीची झाडं पागेपासून लांब हलवली. राजांनी झेंडूचा हार आणि सोन्याच्या पुतळ्यांची माळ मागवली आणि हौसाला पुढं बोलावलं.

हौसानं मान झुकवली. पण त्याआधी तिनं शेजारी कोण उभं आहे ते पाहून घेतलं. वैद्यबुवा आपणहून दोन हात लांब सरकले.