गेनू मिस्त्रीची जीप

घाटाच्या पायथ्याला एका गावात एक मिस्त्री राहत होता. त्याचं नाव गेनू. जुन्या गाड्या दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला. आता हातापायांत बळ उरलं नव्हतं, म्हणून त्याने कारखाना मोडायला काढला. ऐरण गेली, ड्रिल मशीन गेलं, जड इंजिन उचलायची साखळी-पुली गेली. वेल्डिंगचं मशीन बाजारगावच्या एका कारागिराने नेलं. अंगणात राहिली ती फक्त एक जुनी जीप.

ही जीप गेनूने स्वतः उभी केली होती. कुठून इंजिन आणलं, कुठून दार आणलं. चारही चाकांना जोर मिळायचा, त्यामुळे ती दगडाधोंड्यांतून, चिखलातून शेळीसारखी चढायची. गेनूचा तिच्यावर फार जीव. पण एक दुखणं होतं. चासी म्हणजे गाडीचा कणा. त्या कण्याला मागच्या बाजूला, अगदी बसायच्या जागेखाली, चीर गेली होती.

एक भंगारवाला येऊन वाकून बघून गेला. म्हणाला, "बाबा, हिला आता घणच."

घण म्हणजे जीपचे तुकडे. त्याच दिवशी गेनू जीपखाली शिरला. भिंतीची भेग बुजवतात तशी त्याने चिरेत लांबी भरली. वरून काळा रंग मारला, रंगावर धूळ चोळली. कोण म्हणेल इथे काही होतं? जीप कुणाच्या तरी घरी नांदावी, एवढंच त्याच्या मनात होतं. तिच्यात कोण बसणार, याचा विचार त्याने केला नाही. खरं तर तो विचार त्याने येऊच दिला नाही.

मग एके सकाळी बुधाजी आला. तो डोंगरावरच्या वाडीचा. वाडीत कुणी आजारी पडलं की झोळीत घालून खाली आणावं लागे. एकदा एक बाई वाटेतच गेली. तेव्हापासून वाडीने ठरवलं होतं, जुनी का होईना, घाट चढणारी गाडी घ्यायची. बुधाजी गावोगाव फिरत होता.

आल्या आल्या त्याने बॉनेटवर हात ठेवला. बॉनेट गार होतं. तो हसला.

गेनू म्हणाला, "काय बघतोस?"

"मागल्या गावाला एकानं आधीच इंजिन तापवून ठेवलं होतं, मिस्त्रीबाबा. गाडी लगेच सुरू झाली. बंद करून गार होऊ दिली, तर दहा माणसं ढकलून थकली. तुमची गार आहे. म्हणजे माणूस खरा आहे."

गेनूने मान दुसरीकडे वळवली.

बुधाजी म्हणाला, "घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत नेऊन दाखवा. मग बोलू."

गेनूने मनाशी हिशेब केला. पुढे दोन माणसं, मागे काही वजन नाही. चीर काही बोलणार नाही. तो स्टिअरिंगशी जाऊन बसला. बुधाजी शेजारी बसला. तेवढ्यात घराला कडी घालून गेनूची बायको गोदू बाहेर आली. ठेवणीतलं लुगडं नेसली होती.

"मी पण येते," ती म्हणाली.

"तू कशाला?"

"कशाला म्हणजे? सवत आहे ती माझी. सगळा जन्म तिच्याखाली झोपून काढलात. आज जायची म्हणते, तर एकदा तिच्या मांडीवर बसून बघते."

बुधाजी मोठ्याने हसला. गोदू मागून चढली आणि पदर सावरून बसली. नेमकी चिरेच्या वर.

गेनू म्हणाला, "अगं, मागं हादरे बसतात."

"बसू द्या मावशींना," बुधाजी म्हणाला. "उद्या माझी आई तिथंच बसायची आहे. वाडीतली पोरंबाळं तिथंच बसायची."

गेनूने किल्ली फिरवली. इंजिन एका झटक्यात सुरू झालं, गोड आवाजात. त्याने गिअर टाकला. पण क्लचवरचा पाय काही उठेना. आरशात गोदू दिसत होती. लेकीच्या लग्नात बसली होती, तशी खुशीत बसली होती. समोर घाट होता, एका बाजूला कडा, दुसरीकडे दरी.

गेनूने इंजिन बंद केलं.

"खाली उतर," तो म्हणाला.

"का?"

"ऊन फार आहे."

"माझ्या उन्हाची काळजी तुम्हाला कधीपासून?" गोदू म्हणाली. मग तिने नवऱ्याचं तोंड पाहिलं आणि उतरली.

गेनूने पेचकस घेतला आणि जीपखाली शिरला. "बुधाजी, खाली ये," त्याने हाक मारली. बुधाजी त्याच्या शेजारी पाठीवर पडला. गेनूने रंग खरवडला. लांबीचे तुकडे दोघांच्या छातीवर पडले. चीर उघडी झाली.

"हे मीच बुजवलं होतं," गेनू म्हणाला. "खरं सांगितलं असतं, तर ही भंगारात गेली असती."

बुधाजीने चिरेवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाला, "आणि आम्ही कुठं गेलो असतो, मिस्त्रीबाबा?"



बुधाजी बाहेर आला. कपडे झटकले आणि चालू लागला. गेनूने त्याला थांबवलं नाही. कुठल्या तोंडाने थांबवणार? गोदू मात्र तांब्याभर पाणी घेऊन मागे गेली. पाहुणा घरून कोरडा जाऊ नये, एवढंच तिला ठाऊक. बुधाजी पाणी प्याला. तांब्या तिच्या हातात देऊन तो गेनूकडे परत फिरला.

"बाकीची गाडी कशी आहे?" त्याने विचारलं.

"बाकी खणखणीत. चिरेवर लोखंडी पट्टी जोडली, तर ओझंही नेईल. पण माझं वेल्डिंगचं मशीन विकलं गेलंय. मागून आणावं लागेल."

"आणा."

"अजून माझ्याकडूनच घेतोस? दुसरीकडं बघ की बाबा."

"दुसरीकडं गेलो, तर त्या गाडीची चीर मला कोण दाखवणार?" बुधाजी म्हणाला.

गेनू बाजारगावी गेला. आपलंच मशीन त्या कारागिराकडून मागून आणलं. बुधाजीने हाताखाली काम केलं. गोदूने दोघांना भाकरी घातली आणि अधूनमधून टोमणेही मारले. पट्टी जोडून झाल्यावर गेनूने मागे दगडांची पोती भरली आणि एकट्याने घाट चढून उतरला. उतरल्यावर वाकून जोड तपासला. केसभरही हलला नव्हता.

मग त्याने किल्ली बुधाजीच्या हातात ठेवली.

"जोडावर रंग मारलेला नाही," तो म्हणाला. "गंजू नये म्हणून नुसतं तेल चोळलंय. वाडीत कुणालाही वाटलं, तर त्यानं वाकून बघावं. उघडाच ठेवलाय."

तात्पर्य: जिथे आपलं माणूस बसवायला आपला जीव धजत नाही, तिथे दुसऱ्याचं माणूस बसवू नये.