मनोऱ्यावरची घंटा

फार वर्षांमागे खाडीकाठच्या एका ख्रिस्ती धर्मग्रामात, चर्चच्या मनोऱ्यावर एक घंटा राहत असे. तिचा दरारा मोठा. ती घणघणली की बोलणारा माणूस वाक्य अर्धं टाकून उभा राही आणि प्रार्थना करी.

एका रविवारी सगळा गाव अंगणात बसला. पुढच्या पिढ्यांसाठी चर्चचं काय करायचं, हे फादरांनी गावावरच सोपवलं होतं. म्हातारी कत्रिणबाय उठली. "आधी ती घंटा उतरवा, आणि..."

घंटेला वाटलं, आता आपल्याला मोडीत काढणार. ती दणादण वाजली. सगळे उठले, प्रार्थना झाली, सगळे बसले. कत्रिणबायने पुन्हा तोंड उघडलं, घंटा पुन्हा वाजली. तिसऱ्यांदाही तेच.

"घंटेला आज खाजकुयली लागलीय का?" इनासमामा करवादला. "अशानं नातवंडं म्हातारी होतील, पण सभा उठायची नाही!"

खालून दोर म्हणाला, "अगं बाई, तू ओरडलीस की ती माणसं गप्प होतात. मग त्यांच्या मनात काय आहे, ते तुला कळायचं कसं?"

घंटेने पोटातला लोलक आवरून धरला.

"मनोऱ्याला तडा गेलाय," कत्रिणबाय म्हणाली. "घंटा उतरवून अंगणातल्या चिंचेला टांगा. पोरांचाही हात पोचेल. आपल्यामागे ती वाजती राहिली पाहिजे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. कोपऱ्यातली एक बाई काही बोलायला उठली.

"आता वाजायचं ना?" दोराने विचारलं.

"थांब," घंटा म्हणाली. "त्या कोपऱ्यातल्या बाईचं बोलायचं राहिलंय."