हार घातलेलं मशीन

झाडं कापणाऱ्या लुमाजी धुरीचा जुना चेनसॉ बंद पडला. त्याचा पिस्टन शोधता शोधता लुमाजीच बंद पडायच्या बेताला आला. कुडाळ, सावंतवाडी, बेळगाव, सगळीकडे एकच नन्नाचा पाढा. शेवटी कोल्हापूरला बाबर शेठच्या दुकानात त्याने मशीन काउंटरवर ठेवलं, पिस्टन मागितला आणि स्टुलावर बसकण मारली.

शेठने मशीनला हातही लावला नाही. "हे मॉडेल मेलं रे बाबा! मेलेल्याला कसला पिस्टन घालतोस? नवीन घे."

लुमाजीने कशीबशी मान वर केली. समोर काचेच्या कपाटात अगदी तसंच मशीन होतं, त्यावर परवाच्या खंडेनवमीचा झेंडूचा हार.

"आणि ते हो, शेठ?"

"ते आमच्या दुकानातलं पहिलं मशीन. विकलंच नाही. शोभेला ठेवलंय, पुजतो."

"म्हणजे तेही मेलेलंच," लुमाजी थकल्या आवाजात म्हणाला. "शेठ, मेलेल्याला कुणी घरात ठेवतं का? त्याचा फोटो लावतात आणि हार फोटोला घालतात. याचाही फोटो काढून भिंतीला लावा आणि पिस्टन मला द्या. मी आणि माझं मशीन, आम्हा दोघांत अजून धुगधुगी आहे."

दुकानातली गिऱ्हाइकं खो खो हसली. शेठने हार उतरवला, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच पाना मागितला.