धुरपाईची वीत

फार वर्षांपूर्वी, मोजायची टेप गावात यायच्या कितीतरी आधी, घाटमाथ्यावरच्या हिवरमाळ गावात धुरपाई नावाची गोधड्या शिवणारी बाई होती. तेव्हा माप म्हणजे हात नाहीतर वीत. आणि हिवरमाळची थंडी अशी, की आश्विन सरला की हंड्यातल्या पाण्याला बोट लावायचा धीर होऊ नये.

कुणी गोधडी सांगितली, की धुरपाई त्या माणसाला अंगणात घोंगडीवर उताणं निजवायची आणि डोक्यापासून टाचेपर्यंत विती टाकत जायची. जितक्या विती, तितक्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्या. एवढंच तिचं गणित. पट्टी कधी उरली नाही की कमी पडली नाही, असं म्हणतात.

पण तिचं माप अंगाशी जुळायचं नाही. भागाबाय पाठीतून वाकलेली, एवढीशी म्हातारी. तिच्या अंगावरून धुरपाईची वीत चालतच राहिली आणि सतराव्या वितीला टाचेशी पोचली. जोत्याजी पैलवान दारात मावायचा नाही, तर त्याची टाच तिसऱ्याच वितीला आली. हात ताणला नव्हता, पैलवान आखडला नव्हता. बघणाऱ्यांनी डोळे चोळले. तीन पट्ट्यांची गोधडी बघून गाव पोट धरून हसलं. पैलवानानं ती अंगावर घेतली, तर डोक्यापासून पायापर्यंत पुरली. मग कुणी हसलं नाही.

पैलवान तिसऱ्या हिवाळ्यात गेला. भागाबाय सतरा हिवाळे काढून मगच गेली. धुरपाई अंग मोजत नाही, माणसाचे राहिलेले हिवाळे मोजते, हे तेव्हा गावाला कळलं. लोक तिच्या अंगणाला वळसा घालून जाऊ लागले. तिनं मुद्दाम काहीच केलं नव्हतं, पण भ्यालेल्या माणसांना कोण समजावणार. तिला स्वतःलाही आपल्या हाताचं भय वाटू लागलं आणि ती हात पदराखाली झाकून बसू लागली.

अशात तिची लेक सरू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. थंडी तोंडावर आलेली, बाळाला गोधडी हवी होती. धुरपाई आज-उद्या करत राहिली. सरूचा गावच्या बोलण्यावर विश्वास नव्हता; नातीला आजीच्या हातची गोधडी नको का, म्हणून ती हटूनच बसली. शेवटी एके दिवशी भर दुपारी तिनंच बाळ घोंगडीवर ठेवलं.

धुरपाईनं बाळाच्या टाळूशी अंगठा टेकला आणि करंगळी सोडली. करंगळी थेट टाचेवर पडली.

एकच वीत. एकच हिवाळा.

जन्मात मापात चूक न केलेली ती बाई, पण तिनं हात उचलला आणि पुन्हा त्याच जागी टेकला. "दोन," ती म्हणाली. पुन्हा तिथंच. "तीन."

"आये, हात फुडं सरकंना की तुझा," सरू म्हणाली.

"गप ऱ्हा. मोजू दे मला."

ऊन अंगावर होतं, तरी तिचे दात वाजू लागले. दहाव्या वितीला ओठ निळे पडले, पंधराव्या वितीला बोटं पांढरी झाली. एकोणीस झाल्या आणि तिचा हात घोंगडीवरून उचलेना. आता सरूलाही उमगलं, की आई आपले हिवाळे नातीला घालते आहे.

"माझ्या सरल्या," धुरपाई म्हणाली. "आता तू टाक. पर एकच टाक. पोरीला आय बी लागंल."

सरूनं एक टाकली. तिच्या करंगळीत कळ गेली. हे मोजणं बघत कुंपणापलीकडं गावच्या बाया उभ्या होत्या. ही वीत टाकणारीच्याच हिवाळ्यांतून जाते, हे त्यांना आता ठाऊक होतं, आणि त्यातल्या प्रत्येकीच्या घरात धुरपाईची गोधडीही होती. भागाबायची सून पहिली आत आली आणि म्हणाली, "एक माझी धर." मग एकेक करून सगळ्या आल्या.

दिवस मावळायच्या आत धुरपाई गेली. तिला झाकायला कापड आणलं, ते लांबच पडत राहिलं. फाडत फाडत वीतभर तुकडा उरला, तो मात्र तिला डोक्यापासून पायापर्यंत पुरला, असं म्हणतात. नात ऐंशीच्या वर हिवाळे जगली.

आता हिवरमाळात टेपही आहे आणि बाजारची ब्लँकेटंही आहेत. पण बाळाच्या पहिल्या गोधडीला अजून कुणी टेप लावत नाही. बारशाच्या दुपारी घरोघरच्या बाया वीतभर रुंदीची पट्टी घेऊन येतात, बाळावर एकाच जागी एकेक वीत टाकतात, आणि कुणीही मोजत नाही.

पहिली वीत टाकायला मात्र कुणी पुढं होत नाही. सगळ्या बाळाकडं बघत थांबतात. जरा वेळानं भर उन्हातलं ते बाळ एकदम पाय आखडून घेतं, गार हात लागल्यासारखं. मग त्याची आई पुढं होते आणि दुसरी वीत टाकते.