शिसवीच्या तीन भेटी

एका राज्यात, शिसवीच्या रानाला लागून, भैरोजी नावाचा कातारी राहत असे. तो चरकावर लाकूड फिरवी, पटाशी टेकवी, आणि ढलप्यांतून इवलेसे मोर आणि बाहुल्या निघत.

एके दिवशी दरबारचा मांत्रिक अघोरभद्र आला. त्याने मंतरलेला काळा ओंडका भैरोजीपुढे टाकला.

"बाहुल्या कात. राजाला आणि सरदारांना भेट द्यायच्या आहेत."

भैरोजीने कातल्या. ज्याने भेट हाती घेतली, तो उभ्या जागी लाकूड झाला. आधी राजा, मग सरदार, मग पहाऱ्यावरचा सिदोजी. सिदोजी भैरोजीचा मुलगा. मांत्रिक सिंहासनावर बसला.

भैरोजी मुलाच्या लाकडी पायांवर डोके ठेवून रडला. तेव्हा वरून एक साळुंकी बोलली, "कातारीबुवा, शाप देणाऱ्याने त्याच लाकडाची भेट घेतली, तर शाप सुटेल. तुमच्याकडे तीन बाहुल्यांपुरते लाकूड उरले आहे."

भैरोजीने हत्ती कातून नेला. मांत्रिक हसला आणि तो हुजऱ्याच्या हाती दिला. हुजऱ्या लाकूड झाला.

मग भैरोजीने मांत्रिकाचीच मुकुट घातलेली मूर्ती नेली. मांत्रिकाने ती चिमट्याने उचलून आगीत टाकली.

"साळुंके, या मांत्रिकाला माया कशाची?" भैरोजीने विचारले.

"मुलगी होती. गोमती. दुधाचे दात पडायच्या आत गेली. डाव्या गालावर खळी होती."

भैरोजीने तिसरी बाहुली नेली, डाव्या गालावर खळी असलेली पोर. ती पाहताच मांत्रिकाचे हसू मावळले.

"हे लाकूड मी ओळखतो, कातारी."

"होय."

"हात लावला तर काय होईल, हेही जाणतो."

"होय."

मांत्रिकाने दोन्ही हात पुढे केले, बाहुली उराशी धरली, आणि तसाच लाकूड झाला.

राजाने श्वास घेतला. हुजऱ्या उठला. "आबा!" म्हणत सिदोजी धावत आला. मात्र ज्या सरदारांना मांत्रिकाने सरपणासाठी फोडले होते, ते उठले नाहीत. त्यांच्या बायका मुदपाकखान्यात राख वेचत बसल्या होत्या.

राजा म्हणाला, "या मांत्रिकालाही चुलीत घाला."

"महाराज, पोर त्याच्या मिठीत आहे," भैरोजी म्हणाला. "पुरू द्या."

राजाने त्या बायकांकडे पाहिले. त्यांतली जी वयाने वडील होती, ती राखेचे हात पदराला पुसत उठली आणि म्हणाली, "पुरा. पोरीला जाळू नका."

राज्य राजाचे झाले. ऐकणाऱ्यांचे प्राण त्यांच्या देहांत सुखरूप राहोत.